थळकरबाईंच्या तक्त्यातली दोन रिकामी घरे

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी साडेसहाला उठलो. दूध तापवले, चहा घेतला. आठला नळ जातो, त्याआधी पाणी भरून ठेवले. परवा माझी पत्नी सुनंदा हिचे दुसरे वर्षश्राद्ध झाले. त्यासाठी आणलेली शेजारच्यांची पातेली परत देऊन आलो. दहा वाजता लिहायला बसलो.

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाचे पत्र येऊन तीन आठवडे झाले. डॉ. हन्ना थळकर यांना पुढच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या विभागात मी निवृत्तीपर्यंत कारकून होतो, तेव्हा मीही काही लिहावे असे पत्रात आहे. कार्यालयीन टिपणे आणि रजेचे अर्ज यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. बाईंच्या विद्वत्तेबद्दल लिहिणारे या ग्रंथात पुष्कळ असतील. ज्यू धर्म आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचा परंपरागत धर्म यांची तुलना करणारे त्यांचे मराठी पुस्तक आता सर्वांना ठाऊक आहे. ते पुस्तक कित्येक वर्षे अडून राहिले, त्याचे कारण मात्र कोणाला ठाऊक नाही. ते कारण मी होतो. बाईंनी हे आजवर कोठेही सांगितलेले नाही, म्हणून मी सांगत आहे.

बाईंची पहिली ओळख झाली ती एका सहीवरून. मी महाविद्यालयात नुकताच लागलो होतो. एका शनिवारी दुपारी प्राचार्यांनी विद्यापीठाला पाठवायचा एक कागद माझ्या हातात दिला आणि थळकर मॅडमची सही आणायला माझगावला पिटाळले. दार बाईंनीच उघडले. मी कागद पुढे केला.

“आज शनिवार आहे,” त्या म्हणाल्या. “मी लिहीत नाही.”

“नुसती सही आहे, मॅडम.”

“सही म्हणजे लिहिणंच की. बसा, उन्हातून आलात. कोकम घ्या.”

“प्राचार्य मला ओरडतील.”

“ओरडतील खरं,” त्या म्हणाल्या आणि कोकम आणायला आत गेल्या.

मी कोकम प्यालो आणि सही न घेता परत आलो. प्राचार्य ओरडले. बाई शिष्ट आहेत असे माझे मत झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बाई दारात उभ्या. सुनंदा कोलंबी सोलत बसली होती, ती तशीच उठली. बाईंनी कागद मागून घेतला, सही केली आणि सोबत आणलेली चिठ्ठीही माझ्याकडे दिली. उशीर माझ्यामुळे झाला, परब यांचा त्यात दोष नाही, असे त्यात प्राचार्यांना लिहिले होते.

सुनंदाने जेवायला थांबण्याचा आग्रह केला. बाई म्हणाल्या, “कोलंबी आम्हांला चालत नाही हो. वासाला बंदी नाही, तो घेतला.” मग त्यांनी तिचे माहेर विचारले. अलिबागकडचे म्हटल्यावर त्या हसल्या. “मग तुमच्या पणजीनं आमच्या पणजोबांकडचं तेल नेलं असणार. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू तेली ते आम्ही. लोक आम्हांला शनिवार तेलीच म्हणायचे.”

बाई गेल्यावर सुनंदा म्हणाली, “तुमच्या सहीसाठी तीन जिने चढून आल्या. आणि तुम्ही काल शिष्ट म्हणत होतात.”

बाईंच्या अभ्यासाचा विषय कसा सुरू झाला, हे त्यांनीच मला सांगितले. त्यांचे यजमान आरोनसाहेब गोदीत इंजिनिअर होते. घानातल्या एका बंदरात त्यांना काही वर्षांची नोकरी मिळाली, तेव्हा बाईही गेल्या. तिकडच्या घरामागे थोडी जागा होती. कढीपत्ता लावावा म्हणून एका सकाळी त्या कुदळ घेऊन बाहेर आल्या, तर शेजारच्या आजीबाई धावत आल्या आणि त्यांनी कुदळ काढूनच घेतली. तो गुरुवार होता. त्यांच्याकडे धरणी गुरुवारची मानतात. त्या दिवशी तिला खणायचे नाही, नांगरायचे नाही.

“मी शनिवार तेल्यांची मुलगी,” बाई म्हणायच्या. “विश्रांतीच्या दिवशी काम करताना आयुष्यात पहिल्यांदा पकडले गेले, आणि तेही गुरुवारी.”

तेथून त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर: आमचा देव एक, त्यांचाही सर्वांहून मोठा असा एक देव, पण त्याच्या हाताखाली नद्यांचे आणि डोंगरांचे दुसरे देव. आमच्याकडे देव सातव्या दिवशी थांबला म्हणून माणूस आणि बैल थांबतात, त्यांच्याकडे धरणीला थांबू द्यायचे म्हणून माणूस थांबतो. आमचे मेलेले देवाच्या हाती सोपवायचे, त्यांचे मेलेले घरातच मोठ्या माणसांसारखे असतात, वेळेला त्यांना हाक मारून जमिनीवर पेय ओततात. अशा वह्यांवर वह्या भरल्या. आफ्रिका केवढी मोठी आहे, तिच्या सगळ्या धर्मांबद्दल मी बोलणार नाही, मी अकान लोकांत राहिले तेवढ्यापुरतेच बोलेन, हेही त्या पहिल्या तासालाच सांगत.

तुलना करताना बाई फार कडक असत. अकान लोक त्या मोठ्या देवाला शनिवारचा म्हणतात. हे वर्गात सांगितले की दर वर्षी कोणीतरी उठे. एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, म्हणजे ते लोक मूळचे ज्यूच असणार.”

“आमच्या गल्लीत सोमवारी उपवास करणारे शंकराचे भक्त आहेत,” बाई म्हणाल्या, “आणि सोमवारी दुकान बंद ठेवणारा न्हावी आहे. दोघांचं मूळ एकच का?”

वर्ग हसला. ती विद्यार्थिनीही हसली. तीच पुढे या विषयात पीएच.डी. झाली आणि आज बाईंचा तास घेते.

निवृत्तीनंतर बाईंनी पुस्तक लिहायला घेतले आणि स्वतःला एक अट घातली. ज्या दोन समाजांबद्दल लिहिले, त्या दोघांतल्या जाणत्या माणसाने सगळे ऐकून “हो, हे आम्हीच” असे म्हटल्याशिवाय छापायचे नाही. प्रकाशकाने डोक्याला हात लावला. आपल्याकडे अकान माणूस कोठून मिळणार, असे त्याने विचारले. बाई म्हणाल्या, “मिळेल तेव्हा छापा.” ज्यू समाजातर्फे त्यांनी सॉलोमनकाकांना गाठले. काका शाळामास्तर होते आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवत. तेव्हाच त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

हस्तलिखित टाइप करायचे काम बाईंनी मला दिले. मी संध्याकाळी घरी बसून ते करत असे. शेवटी एक मोठा तक्ता होता. डावीकडे ज्यू, उजवीकडे अकान, आणि ओळीओळीने विषय: देव, विश्रांतीचा दिवस, जन्म, नाव ठेवणे, मृत्यू, पूर्वज, धर्मग्रंथ. त्यातली दोन घरे रिकामी होती. पूर्वजांना पेय अर्पण करणे, या ओळीत ज्यू बाजूचे घर आणि धर्मग्रंथाच्या ओळीत अकान बाजूचे.

मी सगळा जन्म फॉर्म तपासण्यात घालवला. रिकामे घर दिसले की फॉर्म परत करायचा, ही माझी सवय. बाईंकडून राहून गेले असावे असे मला वाटले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, म्हणून त्यांना त्रास न देता मी दोन्ही घरे भरली. बाईंच्या समाजात मंगल प्रसंगी पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा मलिदा करतात, हे मी त्यांच्याकडे खाऊन जाणत होतो. आमच्याकडच्या नैवेद्यासारखाच तो मला वाटला. ज्यूंच्या घरात मी लिहिले, “मलिदा”. अकानांच्या घरात लिहिले, “नाही”. मदत केल्याचे समाधान वाटले. बाईंना अजून वाचता येत नव्हते, त्यांनी प्रत तशीच काकांकडे पाठवायला सांगितली.

महिन्याने काकांनी बोलावणे पाठवले. मी बाईंना घेऊन गेलो. काकांनी तक्त्याचे पान वेगळे काढून ठेवले होते.

“हन्ना, मलिदा कोणाला वाहतो गं आपण?”

“वाहत नाही, काका. देवाचे आभार मानतो. प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव घेतो.”

“मग हे काय लिहिलंस? तुझे आजोबा येऊन पोहे खातात काय?”

बाईंनी पान हातात घेतले आणि डोळ्यांजवळ नेले. त्यांनी ते घर पाहिले, खालचेही पाहिले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

“माझी चूक झाली, काका,” त्या म्हणाल्या.

“तीस वर्षं शिकवतेस आणि ही चूक? आपल्याला पितरांची पूजा करणारे ठरवलंस. याला मी हो म्हणणार नाही.”

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, “बाई, ते मी भरलं.”

“माहीत आहे. मी सोडलं होतं.”

“मग काकांना सांगायचं ना.”

“परब, पुस्तकावर नाव माझं आहे. न वाचता मी पाठवलं.” थोडे चालल्यावर त्या म्हणाल्या, “आमच्याकडे तसं काही नाही, तर नाही. ते घर मोकळं असू दे. आणि त्यांच्याकडे पुस्तक नाही हे खरं, पण ‘नाही’ म्हटलं की काहीतरी कमी आहे असं वाचणाऱ्याला वाटतं. त्यांचं ज्ञान म्हणींत आहे, ढोलाच्या बोलांत आहे, माणसांच्या नावांत आहे. त्याला काय म्हणायचं ते मला सापडलं नव्हतं. सापडलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.”

त्या एवढेच बोलल्या. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. घरे पुन्हा मोकळी केली, पण काका ऐकायलाच तयार नव्हते. थळकरबाईंनी मलिद्याला श्राद्ध म्हटले, अशी बातमी समाजात पसरली. काही घरांतून त्यांना बोलावणी येईनाशी झाली. ज्या सिनेगॉगमध्ये त्यांचे लग्न लागले होते, तेथे सणाच्या दिवशी बायका त्यांच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत. काकांचे वय वाढत होते. ते हो म्हणण्याआधीच गेले असते तर पुस्तक कपाटातच राहिले असते, कारण बाईंनी दुसऱ्या कोणाकडे जायचे नाकारले. मी गप्प राहिलो. घरी सुनंदा म्हणायची, “काकांना जाऊन सांगा. माणूस तुमच्यासाठी बोलणी खातोय.” मी बघू म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी सुनंदा गेली. घरात माणसांची रीघ लागली. जो तो बोलत होता. कसे झाले, कोणत्या डॉक्टरला दाखवले, धीर धरा. चौथ्या दिवशी बाई आल्या. काठी टेकत वर आल्या, भिंतीशी पाटावर बसल्या आणि काहीही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. अर्धा तास गेला. शेजारच्या वहिनींनी चहा आणला, तो निवला. तासाहून जास्त वेळ आम्ही तसेच बसलो होतो. बाईंचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होते. शेवटी मीच म्हणालो, “बाई, काहीतरी बोला.”

“आता बोलते,” त्या म्हणाल्या. “आमच्यात शोक करणाऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय आलेल्यानं बोलायचं नसतं. तुम्ही मुळात बोलत नाही. मला वाटलं, आज इथेच जेवावं लागतंय.”

चार दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. मग मी सुनंदाबद्दल बोलत राहिलो. बाई ऐकत राहिल्या. तिने मला काकांकडे जायला सांगितले होते, हेही माझ्या तोंडून गेले. बाई म्हणाल्या, “ते तुम्ही आणि सुनंदाताई यांच्यातलं. माझ्यासाठी जाऊ नका.”

तेरावे झाले त्याच आठवड्यात मी माझगावला काकांच्या घरी गेलो. काका खुर्चीत पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे तो मलिदेवाला तू?”

“हो.”

“इतकी वर्षं मी तिला बोलतोय. आणि ती ऐकून घेत्येय.”

“हो.”

“दोघंही हट्टी.” त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तिला सांग, रविवारी ये. पहिल्या पानापासून. आणि तूही ये. पानं उलटायला माझे हात चालत नाहीत.”

काकांनी सहा रविवार पुस्तक ऐकले. मास्तरांसारखे बोट वर करून थांबवायचे, वाद घालायचे. एकदा बाईंचे खरे ठरले, एकदा काकांचे. सहाव्या रविवारी तक्ता आला. ते मोकळे घर पाहून त्यांनी मान हलवली. म्हणाले, “हे आम्हीच. पास. पहिला वर्ग नाही देत, मलिद्याचे मार्क कापले.”

बाई रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिले.

राहिला अकान माणूस. तो आमच्या घराजवळच भेटला. परळच्या रुग्णालयात परदेशातून माणसे उपचारांसाठी येतात आणि आसपासच्या इमारतींत खोल्या घेऊन राहतात. आमच्या मागच्या इमारतीत घानाहून आलेली एक वृद्ध बाई आणि तिचा शिक्षक मुलगा राहायला आले. आईचे नाव अबेना, मुलाचे क्वेसी. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. तो भाजीवाल्याकडे कच्ची मोठी केळी शोधत होता, ती मी त्याला दाखवली. कोठले विचारल्यावर त्याने गाव सांगितले, आणि मी तेथूनच बाईंना फोन लावला. “अकानच ना? नीट विचारा,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ऑपरेशन झाले, आई बरी झाली. मग रोज चारच्या सुमारास बाई टॅक्सीने येत. बाई मराठीवरून इंग्रजीत सांगत, क्वेसी त्याच्या भाषेत आईला सांगे. अबेनाआजी कधी हसत, कधी हात उडवून “नाही नाही” म्हणत. आम्ही मेलेल्यांची पूजा करतो असे लिहू नका, त्यांनी एकदा बजावले. घरात म्हातारा बसला असेल तर त्याला पाणी विचारल्याशिवाय आपण पितो का, तेवढेच ते आहे. बाईंनी ते त्यांच्याच शब्दांत घातले.

दोघी तक्त्यापर्यंत आल्या तेव्हा आजींनी धर्मग्रंथाच्या ओळीतल्या मोकळ्या घरावर बोट ठेवले. इथे काही का नाही, असे विचारले. मला योग्य शब्द सापडला नाही, बाई म्हणाल्या. आजी बराच वेळ बोलल्या. क्वेसीने थोडक्यात सांगितले: “आई म्हणते, बरं केलंत. आमच्याकडे येऊन गेलेल्या पुष्कळांनी तिथे ‘नाही’ लिहून ठेवलंय.”

मी तेथेच बसलो होतो. बाईंनी तेव्हाही माझ्याकडे पाहिले नाही.

आजींनी शेवटी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकच वाक्य म्हणाल्या. क्वेसीला ते सांगावे लागले नाही, तरी त्याने सांगितले. “हे आम्हीच.”

गेल्या वर्षी दादरच्या सभागृहात पुस्तकाचे प्रकाशन झाले. जागा कमी पडली, मुले पायऱ्यांवर बसली. सिनेगॉगमधल्या बायका दोन रांगा भरून आल्या होत्या, मलिद्याचे डबे घेऊन. सॉलोमनकाका चाकांच्या खुर्चीतून आले आणि बोलायची वेळ आली तेव्हा दोघांच्या आधाराने उभे राहिले. क्वेसीने आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, तो ऐकवला. भाषा कोणालाही कळत नव्हती. सभागृह मात्र शांत होते, आणि आवाज थांबल्यावर टाळ्या थांबेनात. बाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी जी अट घातली ती पुरी केली, एक शब्दही सैल न सोडता. विद्यापीठाने पुस्तक अभ्यासाला लावले आहे. दुसरी आवृत्ती छापायला गेली आहे. काका अजून आहेत, आणि मार्क अजून वाढवून देत नाहीत.

त्या दिवशी बाईंनी भाषणात पुष्कळांचे आभार मानले. माझेही मानले, “अचूक टंकलेखनासाठी”. सभागृहात बसून ते ऐकणे मला जड गेले. चूक झाकून घेणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत, बहुतेक स्वतःची झाकतात. बाईंनी माझी झाकली, तिची किंमत इतकी वर्षे स्वतः भरली आणि माझ्याकडे ती परतही मागितली नाही. संपादक मंडळाला विनंती आहे की या लेखाखाली माझे पूर्ण नाव छापावे. ‘एक सहकारी’ असे घालू नये.

आमच्याकडे शंभर वर्षे जगा म्हणतात, बाईंच्या समाजात एकशे वीस. ही दोन्ही सारखीच आहेत असे मी आता म्हणणार नाही. बाईंना त्यांच्याच रीतीने एकशे वीस वर्षे लाभोत. डोळे नीट राहोत, गुडघ्यांनी फार छळू नये, आणि शनिवारी त्यांच्या दारी सही मागायला कोणी जाऊ नये.

मधुकर सीताराम परब
लालबाग

पाने क्रमाने लावून टाचणी मारली. पाच वाजले आहेत. गॅलरीतले कपडे वाळले होते, ते आत आणून घड्या घातल्या.